आधी कोड वाचून घे

सातारा

चि. मृण्मयी हिस,


काल फोनवर तू ऑफिसच्या घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहितो. आठवडाभर पावसात गाडी जागेवर उभी होती. सोमवारी सेल्फ मारलास तर इंजिन जड जड फिरलं आणि थांबलं. बऱ्याच प्रयत्नांनी एकदाचं सुरू झालं, पण तेव्हापासून इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा विझत नाही. शेजारच्या काकांनी सांगितलं, बॅटरीचं टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेव, दिवा जाईल. दिवा बहुधा जाईलही, आणि म्हणूनच ते करू नकोस.

हा दिवा लागतो तेव्हा गाडीचा ईसीएम, म्हणजे तिचा संगणक, एक कोड लिहून ठेवतो. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी इंजिन मिनिटाला किती फेरे घेत होतं, कूलंट किती तापलं होतं, इंजिनवर भार किती होता, हेही तो सोबत जपतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. टर्मिनल काढलं की बहुतेक गाड्यांत हे सगळं पुसलं जातं. पंचनाम्याआधीच जागा झाडून काढण्यातला हा प्रकार. मग गॅरेजवाल्याच्या हाती फक्त अंदाज उरतो आणि अंदाजाने बदललेल्या प्रत्येक पार्टचं बिल तुझ्या नावावर फाटतं.

पुढचं सांगण्याआधी एक विचारतो. पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं का? वॉचमनला विचार, चाकांवर आणि दाराच्या खालच्या कडेवर गाळाची रेघ आहे का पाहा. तुझं इंजिन सुरू झालंय, म्हणजे या खेपेला तो धोका टळलेला दिसतो. पण हे कायमचं लक्षात ठेव: दाराच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघायची नाही. एकदाही नाही. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, कारण पाणी हवेसारखं आक्रसत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकही फुटतो. पाण्यातून काढलेल्या गाडीला सेल्फ मारल्यामुळे झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. तुझ्या पॉलिसीत ते आहे का, आज रात्रीच बघ. अशा वेळी टोइंगवाल्याला बोलवायचं, आणि किल्ली खिशातच ठेवायची.

आता दिव्याकडे येऊ. किल्ली ऑनवर आहे आणि इंजिन बंद आहे, अशा वेळी हा दिवा, ऑइलचा लाल दिवा, बॅटरीचा लाल दिवा, सगळे पेटलेलेच असतात. तो बिघाड नव्हे. गाडी सुरू झाली नाही की माणूस किल्ली तशीच ठेवून डॅशबोर्डकडे बघत बसतो आणि एवढे दिवे पाहून त्याचा धीर सुटतो. पाहायचं ते इंजिन सुरू झाल्यावर काय पेटलेलं राहतं ते. उलट किल्ली ऑन केल्यावर हा पिवळा दिवा मुळीच लागला नाही, तर ते जास्त वाईट. एक तर ईसीएमला करंट मिळत नाही, किंवा कुणीतरी दिवाच काढून ठेवलाय. जुनी गाडी घेताना हे जरूर तपासावं.

तुझा दिवा स्थिर आहे, लुकलुकत नाही, असं तू म्हणालीस. हा फरक फार मोठा आहे. तू सकाळी फिरायला जातेस त्या वेताळ टेकडीला लोक एआरएआयची टेकडी म्हणतात ना, तिथल्या संस्थेत गाड्यांच्या धुराच्या चाचण्या होतात, आणि या दिव्याचं मूळही धुरातच आहे. कॅलिफोर्नियात हवा इतकी बिघडली होती की तिथल्या सरकारने 1988 च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःवर लक्ष ठेवावं असा नियम केला. 1996 पासून अमेरिकेत त्याची सुधारलेली पद्धत सगळ्या नव्या कारना लागू झाली. आपल्याकडे हीच पद्धत, म्हणजे ओबीडी-2, 2013 मध्ये आली, म्हणजे तुझ्या 2015 च्या गाडीत ती आहे. धूर मर्यादेबाहेर जाईल असं काही घडलं की स्थिर दिवा लागतो. इंजिन नेहमीसारखं चालत असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते.

दिवा लुकलुकू लागला तर मात्र इंजिन मिसिंग करतंय. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. त्याच्या आतली जाळी तापून वितळू शकते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा थर असलेला तो पार्ट आहे. किंमत ऐकलीस तर घाबरशील. तेव्हा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, बाजूला घ्यायची आणि थांबायचं. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद.

सोमवारी नेमकं काय झालं असावं? इंजिन जड फिरलं, म्हणून माझा पहिला संशय बॅटरीवर. नुसतं टकटक वाजलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं, फक्त टर्मिनल ढिलं किंवा पांढरं झालंय का तेही पाहायला लावलं असतं. एकच मोठा टक आवाज होऊन शांतता, तर सेल्फची मोटर. इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी; अशा वेळी किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंदांचा बारीक आवाज येतो का ते ऐकायचं. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. मध्ये अर्धा मिनिट थांबायचं, नाहीतर मोटर जळते.

बॅटरी दमलेली असली की सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळतं, आणि त्या क्षणी ईसीएमला सेन्सरचे आकडे भलतेच दिसतात. मग एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम नोंदले जातात. तसं दिसलं तर आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर 12.6 च्या आसपास यायला हवं, 12.2 म्हणजे अर्धी बॅटरी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. हे तीन आकडे कुणीही देऊ शकतं, फार तर पाच मिनिटांचं काम आहे.

कोड वाचण्यासाठी स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर ऑनलाइन मिळतो, ॲप फोनवर येतं. नाहीतर गॅरेजमध्ये लाव, पण कोडचा आकडा कागदावर लिहून घे किंवा स्क्रीनचा फोटो काढ. ‘सेन्सर गेलाय’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. माझ्या आयटीआयच्या मुलांना मी हेच सर्वांत जास्त वेळा सांगत आलोय: कोडमध्ये पार्टचं नाव असतं, निदान नसतं. पी0335 आला तर क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच कळतं. सेन्सर गेला असेल, पिनेवर ओल आली असेल, किंवा पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेतलेल्या उंदराने वायर कुरतडली असेल. वायर शंभर रुपयांत जोडली जाते. म्हणून बॉनेट उघडून लेंड्या, कुरतडलेलं फोम आहे का ते तू स्वतः बघ.

पी0302 आला तर दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर चांगला मेकॅनिक लगेच नवी कॉइल मागवत नाही. इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करतो. कोड पी0303 झाला तर दोषी कॉइलच. पी0302 च राहिला तर प्लग किंवा इंजेक्टरकडे वळायचं. तुझा मेकॅनिक असं करून दाखवत असेल तर त्याला सोडू नकोस, दोन पैसे जास्त घेतले तरी दे. बदललेला जुना पार्ट मात्र मागून घे.

सोसायटीतली मुलं धक्का द्यायला धावून येतील. त्यांना प्रेमाने नको म्हण. धक्क्यावर गाडी पकडली नाही तर कच्चं पेट्रोल त्याच कन्व्हर्टरमध्ये जातं, शिवाय इंजिन बंद असताना स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात आणि तुमच्या गेटला उतार आहे. जंप केबल बरी. लाल आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी त्या गाडीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे नको. काढताना उलट क्रमाने.

दिवा दोन-तीन दिवसांत आपोआप विझेल, असंही होऊ शकतं. सलग तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही की ईसीएम तो विझवतो, पण कोड आत बराच काळ राहतो. विझला तरी स्कॅनर लाव.

शनिवारी ताईला घेऊन साताऱ्याला यायचं ठरलंय तुझं. कोड आणि ते तीन आकडे मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर पाठव. बॅटरीचंच असेल तर नवी बसवून ये, खंबाटकी घाटात काही होणार नाही. मिसिंगचा कोड असेल तर एसटीने या. मी साताऱ्याच्या स्टँडवर घ्यायला येतो.

तुझा,
विनूमामा