गाडी बारा लाखांची, पार्ट ऐंशी लाखांच्या गाडीचे

नवी असताना ऐंशी लाखांना विकली गेलेली जर्मन एसयूव्ही दहा-बारा वर्षांनी बारा लाखांत मिळते. पनवेल परिसरात अशा गाड्या पुष्कळ. जमिनीचा मोबदला आला त्या काळात हौसेनं घेतलेल्या, मग दारात उभ्या राहिलेल्या आणि पुढे दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेल्या. माझीही त्यातलीच एक. मेक सांगत नाही. पुढचं बहुतेक सगळं त्या वर्गातल्या कुठल्याही गाडीला लागू पडतं.

१. किलोमीटर नंतर, आधी वय बघा. इंजिनाचं लोखंड सहसा दगा देत नाही. जातात ती रबरं, प्लास्टिक आणि सील. "फक्त चाळीस हजार चालली आहे, साहेब" असं विकणारा अभिमानानं सांगतो, पण कोकणातल्या दमट उन्हात बारा वर्षं नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा नियमित चाललेली, सर्व्हिसच्या पावत्या असलेली लाखभर किलोमीटरची गाडी मी कधीही पसंत करीन.

२. सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर तो एअर सस्पेन्शनचा निरोप समजा. स्प्रिंगच्या जागी असलेले हवेचे रबरी फुगे घडीवर चिरतात आणि रात्रभर हवा झिरपते. गाडी चालू केली की कंप्रेसर ती पुन्हा भरतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. खरा खर्च तिथेच वाढतो. गळती भरून काढायला कंप्रेसर गरजेपेक्षा जास्त वेळ चालतो, तापतो, आणि फुग्याबरोबर तोही जातो. नव्या ओरिजिनल स्ट्रटचा भाव एका कोपऱ्याला लाखाच्या घरात ऐकला, तेव्हा मी कळंबोलीची वाट धरली. तिथे ट्रक-बसची कामं करणाऱ्यांना हवेचे फुगे नवे नाहीत. साबणाचं पाणी फवारलं, बुडबुडे आले, गळती सापडली. फुग्याऐवजी नळीचा जोडच गळत होता. कुठलाही महागडा पार्ट मागवण्याआधी साबणाचं पाणी मारायला सांगा. साधी कॉइल स्प्रिंग बसवून प्रश्न मिटवणारेही आहेत. मला ते पटत नाही, पण खिशाचा विचार करता त्यांना नावं ठेवणार नाही.

३. डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा इशारे पेटले, तर आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा. व्होल्टेज उतरलं की एबीएस, सस्पेन्शन, गिअरबॉक्स यांचे कंप्यूटर एकामागून एक तक्रार करू लागतात. बऱ्याच मॉडेलांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या कंप्यूटरमध्ये करावी लागते. नाहीतर जुनीच बॅटरी आहे असं धरून चार्जिंग होत राहतं.

४. मे महिन्यात सनरूफचे निचरे साफ करून घ्या. चौकटीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली उतरतात. त्यांत झाडाचा पाला अडकला की जूनमधलं पाणी छतातून थेट पायाखालच्या गालिच्यात जातं, आणि त्याखाली किंवा सीटखाली वायरिंग आणि मॉड्यूल असतात. गाडीत कुबट वास येऊ लागला की गालिचा उचलून हात लावून बघा.

दुसरं पाणी रस्त्यावरचं. २६ जुलै २००५ चा पूर इथे ज्यांनी पाहिला, त्यांना वेगळं सांगायला नको. गाडी उंच आहे म्हणून इंजिनाला हवा पुरवणारं तोंडही उंच असेलच असं नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका, टोइंग बोलवा. विम्यात इंजिन प्रोटेक्शन नसेल तर हा खर्च सहसा मिळत नाही.

५. गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे असं सांगतात. पण असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदला म्हणते. बऱ्याच बॉक्समध्ये फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे पॅनसकट बदलावं लागतं.

६. खोपोलीवरून बोरघाट चढताना एसी चालू, गाडी भरलेली, पुढे ट्रकची रांग: कूलिंगची खरी परीक्षा इथे. थर्मोस्टॅटचं घर, पाइपांचे जोड, कूलंटची टाकी, सगळं प्लास्टिक. वयानं ठिसूळ होतं. काटा वर सरकला की ताबडतोब थांबा, आणि टाकीत बोअरचं जड पाणी ओतू नका.

७. उंदीर. भातशेतीच्या जागी इमारती आल्या, उंदीर कुठे जाणार? बॉनेटखाली, वायरी कुरतडायला. बॉनेट आठवड्यातून एकदा तरी उघडा.

८. स्कॅनर कोड देतो, निदान माणूस करतो. कोड वाचून लगेच सेन्सर बदलायला निघणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी ठेवू नका. पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, दिल्लीचा काश्मीरी गेट आहे. पण जुना पार्ट घेताना त्यावरचा नंबर आपल्या पार्टशी अक्षरन् अक्षर जुळवा.

९. कागदांचाही खर्च धरा. पंधरा वर्षांनंतर एमएच-४६ च्या गाडीला पनवेल आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी साध्या कारला ५,००० आणि आयात केलेल्या गाडीला ४०,००० रुपये झाली. पर्यावरण कर वेगळा.

१०. टायमिंग चेन. काही डिझेल इंजिनांत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या एन४७ आणि एन५७ मध्ये, ती मागे गिअरबॉक्सच्या बाजूला असते. म्हणजे चेन स्वस्त, पण तिथपर्यंत पोचण्याची मजुरी भारी. सैल चेनचा खडखडाट थंड इंजिनात पहिल्या काही सेकंदांत ऐकू येतो, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. गाडी बघायला गेलात आणि बॉनेट हाताला गरम लागलं, तर चहा घेऊन परत या. इंजिन उद्या सकाळी, तुमच्यासमोर सुरू करायचं.