क्लच अधूनमधून बसतो: बिल कितीचं व्हायला हवं?

सकाळी इंजिन थंड असताना क्लच अगदी व्यवस्थित. दुपारी ट्रॅफिकमध्ये तासभर रखडलं की पेडल मऊ पडतं, कधी थेट तळाला टेकतं, आणि दोन-चारदा पंप केलं की पुन्हा जागेवर येतं. गॅरेजमध्ये नेली की मात्र गाडी पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखी शहाणी वागते. फिटर एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "प्लेट गेलीय साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

छोट्या पेट्रोल गाडीत हे काम साधारण सात ते बारा हजारांत जातं, मोठ्या डिझेल गाडीत वीस हजारांच्या पुढे. होकार देण्याआधी एवढं ध्यानात घ्या की घासून संपलेली क्लच प्लेट दुपारी खराब आणि संध्याकाळी बरी होत नाही. तिची लक्षणं वेगळी असतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानाने पळत नाही. मग जळका वास येतो. आणि हे दिवसेंदिवस वाढतच जातं. पेडलच कधी असं, कधी तसं वागत असेल, तर दोष बहुतेक वेळा पेडल आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या भागात सापडतो. तो भाग बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सला हात न लावता तपासता येतो.

सुरुवात पायाखालून करा. हल्ली बसवतात त्या जाड सेव्हन-डी मॅट क्लचच्या मागे सरकल्या की पेडल शेवटपर्यंत जात नाही आणि रिव्हर्स टाकताना खरखर होते. मॅट काढून दोन दिवस गाडी चालवा. मग टॉर्च घेऊन पेडलच्या वरच्या टोकाकडे बघा: रिटर्न स्प्रिंग निसटली आहे का, पिनमध्ये ढिलाई आहे का, बुश झिजला आहे का. इथली दुरुस्ती शंभर ते पाचशे रुपयांत आटोपते.

पुढचा प्रश्न, गाडीचा क्लच केबलचा आहे की हायड्रॉलिक. अल्टोसारख्या छोट्या गाड्यांत केबल असते. तिचं दुखणं सहसा 'क्लच हार्ड झाला' या तक्रारीने सुरू होतं. आतले तारेचे पेड एकेक करून तुटतात, तुटलेलं टोक आवरणात अडकतं, आणि पेडल कधी अडखळतं, कधी सुटतं. पावसाळ्यात पाणी शिरून गंज धरला की हे लवकर होतं. केबलला तेल पाजून चार दिवस निघतात, पण एकदा पेड तुटायला लागले की केबल बदलावीच. केबल चारशे ते हजार, मजुरी दोनशे ते पाचशे. याहून मोठा आकडा सांगितला तर कारण विचारा.

हायड्रॉलिक क्लचमध्ये शोध थोडा किचकट होतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो, ते नळीतून स्लेव्ह सिलिंडरला जातं आणि स्लेव्हचा दांडा क्लचचा फोर्क हलवतो. दोन्ही सिलिंडरांत रबरी वायसर असतात. मास्टरचा वायसर झिजला की ऑइल त्याच्या कडेने मागे सरकतं. बाहेर एक थेंबही दिसत नाही. त्याची खूण अशी: झटकन दाबलं तर क्लच सुटतो, हळू दाबलं तर सुटत नाही.

हे घरच्या घरी पडताळता येतं. सपाट, मोकळी जागा निवडा, गाडीसमोर कोणी उभं नको. इंजिन गरम असताना क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. मग ब्रेक किंचित सैल करा. क्लच दाबलेलाच असताना गाडी पुढे सरकू लागली, तर दाब आतल्या आत सुटतो आहे. फिटरला शेजारी बसवून हे दाखवा. गॅरेजमध्ये बिघाड दिसत नाही, ही अडचण निम्मी तिथेच संपते. बिघाड झाला तेव्हा इंजिन किती तापलं होतं, पंप केल्यावर पेडल परत आलं का, एवढं मोबाइलवर टिपून ठेवलं तर उरलेलीही सुटते.

आता बॉनेट उघडा. अनेक गाड्यांत क्लचला ऑइल ब्रेकच्याच डबीतून मिळतं, आणि क्लचची नळी डबीला बहुधा वरच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे गळती झाली तर ब्रेकसाठी थोडं ऑइल शिल्लक राहावं. म्हणून पातळी उतरली की आधी क्लच कुरकुरतो. ती कुरकुर ब्रेकच्या काळजीनेच ऐका. गळती कुठे आहे ते हाताने कळतं. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर असेल तर त्याच्या टोकावरच्या रबरी टोपीची कड नखाने उचला. कोरडी धूळ निघाली तर ठीक. बोटाला बुळबुळीत ओल लागली, तर वायसर गेला. मास्टरची गळती केबिनमध्ये पेडलच्या दांड्यावरून उतरते आणि तिथलं कार्पेट चिकट होतं. हे ऑइल रंग खातं, बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. आणि त्या डबीत इंजिन ऑइल चुकूनही ओतू नका. रबर फुगतं आणि ब्रेकही धोक्यात येतात.

कुठेच ओल नाही, पण ऑइल काळपट झालंय? मग आधी ते बदलून एअर काढून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येऊ शकते. तापल्यावर नळीत वाफ धरली की पेडल स्पंजासारखं लागतं, आणि गार झालं की पूर्ववत. ऑइल आणि मजुरी धरून पाचशे ते बाराशे रुपये. एवढ्याने दोष गेला तर उत्तम. चार आठवड्यांत परत आला तर हवा कुठून शिरते ते शोधावंच लागेल.

मास्टर सिलिंडर दीड ते चार हजारांत, बाहेरचा स्लेव्ह एक ते अडीच हजारांत मिळतो. प्रत्येकी मजुरी पाचशे ते दीड हजार. पुण्यात नाना पेठेत भाव विचारून ठेवला की बिलातला आकडा ताडून बघता येतो. नुसतं वायसर किट दोन-चारशेला मिळतं, पण सिलिंडरला आतून चरे पडले असतील तर नवा वायसर फार टिकत नाही, म्हणून मी अख्खा सिलिंडर बदलण्याच्या बाजूने आहे. गाडी लाखभर किलोमीटर पळाली असेल तर दोन्ही एकदम बदला. नव्या मास्टरच्या पूर्ण दाबाला जुना स्लेव्ह बऱ्याचदा दम तोडतो.

काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळला, किंवा पेडल दाबताच घरघर सुरू होऊन सोडताच थांबत असेल, म्हणजे रिलीज बेअरिंगचा संशय असेल, तर गिअरबॉक्स उतरवायला पर्याय नाही. मग मात्र काटकसर उलटी पडते. दोन ते पाच हजारांची मजुरी दिलीच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदला, इंजिनाचं मागचं ऑइल सीलही बघून घ्या. डिझेल गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर तो बदलायचा का हे आधीच ठरवा. एकट्याची किंमत तीस हजारांच्या वर जाऊ शकते.

हे दर खासगी गॅरेजचे, ढोबळ आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये याहून जास्त धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा जुन्या सवयीने २८ टक्के लावलेलं बिल परत करा. गाडी वॉरंटीत असेल तर 'क्लच वॉरंटीत येत नाही' एवढ्यावर मागे फिरू नका: प्लेट झिजणारा भाग म्हणून सहसा वगळलेली असते, सिलिंडर मात्र अनेकदा वॉरंटीत बसतो. वॉरंटीची पुस्तिका उघडून काउंटरवर ठेवा.

पेडल तळाला राहू लागलं असेल तर खंबाटकी किंवा खंडाळा चढायला जाऊ नका. शहरातल्या शहरात टोइंगचे दीड-तीन हजार लागतात. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर तेही वाचतात. कामाआधी अंदाजपत्रक लेखी घ्या, काढलेले जुने भाग पिशवीत मागून घ्या, आणि प्लेट बदलूनही तोच दोष परत आला तर बिलासह आधी गॅरेजला लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.