"कशापैकी किती?" – मेडिकल प्रवेशाच्या अर्जात गुणांचं रूपांतर करताना होणाऱ्या चुका



आजचा विषय वाचून काहींना वाटेल, प्राथमिकच्या ब्लॉगवर मेडिकलचा प्रवेश कुठून आला? पण ज्या चुकांबद्दल आज बोलायचं आहे त्या सगळ्या पाचवी ते सातवीच्या गणितातल्या आहेत. टक्के, सरासरी, प्रमाण. मुलं मोठी होतात, अर्ज मोठे होतात, गणित तेच राहतं. शिवाय आपल्या शाळांतल्या कितीतरी घरांचे नातेवाईक कॅनडा, अमेरिकेत आहेत. तिथली भाचरं-पुतणे मेडिकलची तयारी करतात आणि इथे आपली मुलं नीटची. दोन्हीकडे एकच प्रश्न येतो, "माझ्या गुणांचे तिकडच्या हिशेबात किती झाले?"

या प्रश्नाचं चुकीचं उत्तर महागात पडतं. कसं ते पाहू.

आधी आपली नोंदवही

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आपण टक्क्यांचं श्रेणीत रूपांतर करतो. ९१ ते १०० म्हणजे अ-१, ८१ ते ९० म्हणजे अ-२, ७१ ते ८० म्हणजे ब-१, आणि पुढे तसंच. आता बघा, ८० गुणांना ब-१ आणि ८१ला अ-२. एका गुणाने श्रेणी बदलली. पण ८१ आणि ९० यांच्यात नऊ गुणांचं अंतर असून श्रेणी एकच.

म्हणजे हा तक्ता जिन्यासारखा आहे, उतारासारखा नाही. पायरीवर कुठेही उभे राहा, उंची तीच. पाऊल पुढच्या पायरीवर पडलं की एकदम वर. पुढच्या बहुतेक चुका जिन्याला उतार समजल्यामुळे होतात.

कॅनडातलं उदाहरण

अमेरिका-कॅनडात बहुतेक ठिकाणी बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी कॉलेजची काही वर्षं करायची, त्या गुणांवर अर्ज करायचा. हे गुण ४ पैकी मोजतात, त्याला जीपीए म्हणतात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या मेडिकल कॉलेजांचे अर्ज ओमसास नावाच्या एकाच केंद्रीय सेवेतून जातात. तिचा रूपांतराचा तक्ता आहे. विद्यापीठांच्या गुण देण्याच्या पद्धती वेगळ्या, म्हणून त्यात स्तंभही वेगवेगळे आहेत. टक्क्यांचा एक स्तंभ असा आहे:

९० ते १०० – ४.०
८५ ते ८९ – ३.९
८० ते ८४ – ३.७
७७ ते ७९ – ३.३
७३ ते ७६ – ३.०
७० ते ७२ – २.७

खाली अजून पायऱ्या आहेत, आपल्याला एवढ्या पुरेत.

चूक पहिली: सरळ त्रैराशिक मांडणे

समजा एका मुलीला सगळ्या विषयांत ८६ टक्के आहेत. घरातलं कोणीतरी कॅल्क्युलेटर काढतं. १०० ला ४, तर ८६ ला किती? ३.४४. आपल्याला शाळेत हेच शिकवलंय, आपणही हेच शिकवतो.

पण तक्त्यात ८६ म्हणजे ३.९! ३.४४ आणि ३.९ यांत मेडिकलच्या अर्जासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्रैराशिक तेव्हाच चालतं जेव्हा दोन्ही मापं एकाच प्रमाणात वाढतात. इथे तसं नाही. तक्ता दिलेला असताना त्रैराशिक वापरणं म्हणजे जिन्यावर फूटपट्टी तिरकी धरणं.

चूक दुसरी: आधी सरासरी, मग रूपांतर

ही चूक हुशार लोकही करतात. समजा पाच विषयांचे गुण आहेत ९५, ९४, ९०, ७९, ७२. बेरीज ४३०, सरासरी ८६. तक्त्यात बघितलं, ३.९. काम झालं?

नाही. नियम असा की प्रत्येक विषयाचं आधी रूपांतर करायचं, मग सरासरी काढायची. करून बघू:

९५ – ४.०
९४ – ४.०
९० – ४.०
७९ – ३.३
७२ – २.७

बेरीज १८.०, भागिले ५, म्हणजे ३.६. आपण समजत होतो ३.९.

आता खरी गंमत. दुसऱ्या मुलाला पाचही विषयांत ८० आहेत. सरासरी ८०, म्हणजे पहिल्यापेक्षा सहा टक्क्यांनी कमी. पण त्याचा जीपीए ३.७, पहिल्यापेक्षा जास्त! सरासरी कमी असलेला पुढे गेला. कारण ९५चे वरचे पाच गुण तक्त्यात वाया जातात, पण ७२मुळे झालेलं नुकसान पूर्ण मोजलं जातं. म्हणून क्रियांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. कंस आधी, भागाकार नंतर, हे आपण घोकून घेतो ना, त्याचंच हे मोठं रूप.

चूक तिसरी: सगळे विषय सारखेच धरणे

प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. आठवड्याला जास्त तास किंवा वर्षभर चालणारा विषय जास्त वजनाचा. वर्षभराच्या विषयात २.७ आणि सहामाहीच्या विषयात ४.० असेल तर सरासरी ३.३५ होत नाही. २.७ दोनदा धरा, ४.० एकदा. ९.४ भागिले ३, म्हणजे साधारण ३.१३. भाजीवाल्याकडे दोन किलो कांदे आणि एक किलो टोमॅटो घेतले की किलोमागे सरासरी भाव कसा काढतो, तसंच हे. मुलांना भारित सरासरी हा शब्द जड वाटतो, पण बाजाराचं उदाहरण दिलं की लगेच कळतं.

चूक चौथी: एकाचा नियम दुसऱ्याला लावणे

अमेरिकेत बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठी ॲमकास ही अर्जसेवा आहे. टेक्सास राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांची वेगळी, तिचं नाव टीएमडीसास. ॲमकासमध्ये ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३. टेक्सासच्या सेवेत प्लस-मायनस धरतच नाहीत. ए मायनस असो की ए, ४. बी प्लस असो की बी, ३.

एका मुलीला तीन ए मायनस आणि एक बी प्लस आहे, क्रेडिट सारखेच. ॲमकासचा हिशेब ३.६, टेक्सासचा ३.७५. दुसऱ्या मुलाला एक ए आणि तीन बी प्लस. ॲमकासमध्ये ३.४७५, टेक्सासमध्ये ३.२५. गुणपत्रक तेच, एकीचा फायदा, एकाचा तोटा. "माझा जीपीए किती?" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. "कोणासाठी?" हे आधी विचारावं लागतं.

असाच एक नियम पुन्हा घेतलेल्या विषयांचा. काही कॉलेजं नापास झालेल्या विषयाचे जुने गुण पुसून नवे धरतात. ॲमकास दोन्ही वेळचे गुण धरते. कॉलेजच्या गुणपत्रकावरचा जीपीए बघून बसलेल्या मुलाला तिथे धक्का बसतो.

आणि भारतात पदवी घेऊन तिकडे अर्ज करणाऱ्यांनी तर स्वतः रूपांतर करूच नये. आपल्याकडे ७० टक्के म्हटलं की डिस्टिंक्शन, पेढे वाटतात. वरच्या तक्त्यात ७० म्हणजे २.७. आकडा तोच, अर्थ वेगळा. म्हणूनच वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्था परदेशी गुणपत्रकांचं मूल्यांकन करतात.

आता आपल्या घरात: नीट आणि बारावी

इथे तर तीन वेगवेगळी मापं एकाच वेळी समोर येतात आणि पालक गोंधळतात.

एक, बारावीचे टक्के. प्रवेशाच्या नियमात किमान टक्के मागितले असतील तर ते भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून धरतात. बरेच जण निकालावरचे एकूण टक्के बघतात. त्यात गणित, भाषा, सगळं मिसळलेलं असतं. ते इथे चालत नाही. इंग्रजीत पास व्हावं लागतं, पण त्याचे गुण या बेरजेत येत नाहीत.

दोन, नीटचे गुण. हे ७२० पैकी.

तीन, पर्सेंटाइल. खुल्या प्रवर्गाची पात्रता ५० पर्सेंटाइल. आणि इथेच घात होतो. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण, म्हणजे ३६० गुण, असं कितीतरी घरांत समजलं जातं. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण निम्मे तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ती रेषा गुणांत किती येईल हे दरवर्षी बदलतं. २०२२ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी ती ११७ गुणांवर होती, २०२३ मध्ये १३७ वर. ३६० च्या जवळपासही नाही!

पात्र ठरलं म्हणजे सीट मिळाली असं नाही, हे खरंच. सरकारी कॉलेजचा कटऑफ बराच वर असतो. पण पात्रच नाही असं समजून एखादं मूल सीईटी कक्षाची नोंदणीच करत नसेल, तर बीएएमएस, बीएचएमएसचे रस्तेही तिथेच बंद होतात. ते प्रवेशही नीटवरच होतात.

सीबीएसईच्या पालकांना ९.५चा गुणाकार आठवत असेल. २०१० ते २०१७ या काळात दहावीला सीजीपीए होता, आणि त्याला ९.५ने गुणलं की अंदाजे टक्के यायचे. १० सीजीपीए म्हणजे ९५. प्रत्यक्षात मूल ९१ वर असेल किंवा ९९ वर. जिना चढल्यावर परत उतरताना आपण पायरीच्या कोणत्या टोकाला होतो ते कळत नाही. श्रेणीतून मूळ गुण कधीच परत मिळत नाहीत. म्हणून मूळ गुणपत्रक जपायचं.

सगळ्यात मोठं नुकसान कुठलं?

गुण जास्त लावले गेले तर ती चूक पुढे सापडते. ॲमकासमध्ये अर्जातला प्रत्येक विषय मूळ गुणपत्रकाशी ताडून पाहतात. आपल्याकडे कागदपत्र पडताळणी असते. त्रास होतो, लाज वाटते, पण चूक उघडी पडते.

गुण कमी लावले गेले तर मात्र कोणीच तपासत नाही. कारण त्या मुलाने अर्जच भरलेला नसतो. ८६ टक्क्यांना ३.४४ समजून गप्प बसलेली मुलगी, ३६० हीच पात्रता समजून नोंदणी न केलेला मुलगा, यांची कुठल्याही कार्यालयात फाइल तयार होत नाही. चूक घरातच झाली, घरातच राहिली. म्हणून मला वाटतं, गणिताच्या तासाला "कशापैकी?" हा प्रश्न विचारायला शिकवणं ही साधी गोष्ट नाही.

वर्गात काय करता येईल?

पाचवीपासून पुढे हा उपक्रम एका तासात होतो. फळ्यावर लिहा: ९१ ते १०० ला ४ तारे, ८१ ते ९० ला ३ तारे, ७१ ते ८० ला २ तारे.

सायलीचे गुण ९८, ८०, ८०. रोहनचे ८२, ८२, ८२.

आधी सरासरी काढायला सांगा. सायली ८६, रोहन ८२. मग तारे मोजा. सायली ४ + २ + २ = ८. रोहन ३ + ३ + ३ = ९. वर्गात भांडण लागणार हे नक्की! लागू द्या. "हे बरोबर आहे का, बाई?" असं मुलं विचारतील. आपण उत्तर द्यायची घाई करू नये. "तारे द्यायचे असतील तर नियम कसा हवा?" एवढंच विचारावं. मुलं स्वतः तक्ते बनवतात, पायऱ्या लहान करतात. त्यातून त्यांना कळतं की तक्ता माणसांनीच केलेला असतो, वापरण्याआधी तो वाचावा लागतो.

दुसरी सवय, मुलाने "मला १८६ मिळाले" म्हटलं की लगेच विचारा, "कशापैकी?" शिष्यवृत्तीच्या ३०० पैकी १८६ म्हणजे ६२ टक्के. २०० पैकी असते तर ९३.

पालकांसाठी थोडक्यात

१. अर्जात मूळ गुणच लिहा, सोबत "पैकी" लिहा. रूपांतर मागितलं असेल तरच करा.
२. तक्ता आणि नियम ज्यांच्याकडे अर्ज करायचा त्यांच्या अधिकृत माहितीपुस्तकातून त्याच वर्षाचा घ्या. शेजाऱ्याचा, क्लासचा किंवा व्हॉट्सॲपवरचा नको.
३. आधी विषयवार रूपांतर की आधी सरासरी, हे नियमात शोधा. क्रेडिट विसरू नका.
४. मनाने पूर्णांक करू नका. ३.६५ ला ३.७ लिहिणं ही चूकच. पडताळणीत ती लबाडी वाटू शकते.
५. हिशेब दोघांनी वेगवेगळा करा, मग ताडून बघा.
६. अर्ज पाठवल्यावर चूक दिसली तर लगेच लेखी कळवा.
७. एजंट "मी बघतो सगळं" म्हणाला तरी अर्जाची प्रत स्वतः वाचा. सही तुमच्या मुलाची असते.
८. आणि नियम पूर्ण वाचल्याशिवाय "आपल्याला नाही मिळणार" असं मुलासमोर म्हणू नका.

तुमच्या वर्गात ताऱ्यांचा उपक्रम घेतलात तर मुलांनी कोणते नवे तक्ते केले ते नक्की कळवा. पुढच्या लेखात शेकडेवारी आणि सूट यांवरचे खेळ पाहू.