थंडीत सकाळी गाडी बंद पडते? गॅरेजवाल्याने तपासणी कशी करायची

टू-व्हीलर गॅरेज टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी व्हिडिओत सांगितलेला धडा इथे लिहून देतोय. वहीत उतरवून घ्या.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथे चांगलीच थंडी असते. मग गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "भाऊ, गाडी सकायी सकायी बंद पडते. रेस सोडली की गेली!" पण ते येतं अकरा वाजता. तोवर ऊन पडलेलं, इंजिन तापलेलं, गाडी एकदम ठणठणीत. नवा मेकॅनिक काय करतो? स्क्रू फिरवून रेस वाढवून देतो.

माझ्याच गाडीचं असं झालं होतं. आधी प्लग बदलला, मग कार्बोरेटरचं किट, शेवटी रेस वाढवली. राजूर घाट उतरताना गाडी आवरेना! दुसऱ्या मेकॅनिकने शोधलं, तर कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी जोडाला तडा होता. स्वस्तातलं काम. पण पहिल्या गॅरेजची पायरी मी परत चढलो नाही.

असं होतं का?

थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. थंड हवा दाट असते आणि ऑइलही घट्ट होतं. म्हणून थंड इंजिनला थोडं जास्त पेट्रोल लागतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ते काम चोक करतो. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे सेन्सर बघून कंट्रोल युनिट ते ठरवतं.

तपासणीचा क्रम: फुकटातून खर्चाकडे

1. आधी विचारा. फक्त थंड असतानाच बंद पडते की तापल्यावरही? चोक ओढता का? शेवटचं काम कोणतं केलं? ऑइल कोणतं टाकलं? कंपनीने 10डब्ल्यू-30 सांगितलं असताना जाड ऑइल टाकलं, तर थंडीत इंजिन जड चालतं.
2. गाडी रात्री ठेवून घ्या. सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा. दोष डोळ्यांनी दिसल्याशिवाय पाना उचलायचा नाही.
3. चोक आणि एअर फिल्टर. चोकची केबल पूर्ण ओढली जाते का बघा. फिल्टर साफ करा.
4. प्लगचा रंग. तपकिरी म्हणजे ठीक. काळा, काजळीचा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर. पांढरा म्हणजे हवा जास्त, कुठेतरी गळती असू शकते.
5. रबरी जोड. इंजिन चालू ठेवून जोडावर साबणाचं पाणी थोडं फवारा. इंजिनचा आवाज बदलला, तर तिथूनच हवा ओढली जातेय.
6. टॅपेट. गॅप थंड इंजिनवरच तपासा. टॅपेट टाइट असले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गाडी स्लोवर टिकत नाही.
7. पायलट जेट. क्लीनर आणि हवेने साफ करा, तार घालू नका. भोक मोठं झालं की जेट गेला.
8. इंजेक्शनची गाडी. चेक लाइट बघा, स्कॅनर लावा. थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि तापमानाचा सेन्सर तपासा.

रेसचा स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि तोही इंजिन तापल्यावर. 100-125 सीसीच्या बऱ्याच गाड्यांना साधारण 1400 आरपीएम लागतो, तरी मॅन्युअल बघूनच ठरवा. आणि थंडी वाजते म्हणून शटर लावून गाडी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

आता धंद्याचं बोलू

दूधवाल्याची गाडी पहाटे बंद पडली, तर त्याचा रतीब चुकतो. त्याला नवा पार्ट नको असतो, त्याला उद्याची सकाळ हवी असते. म्हणून तपासणीचे पैसे आधीच ठरवून सांगा. समजा 100 रुपये सांगितले आणि काम तुमच्याकडेच केलं, तर ते बिलात वळते करा. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून विचारा, "दादा, झाली का चालू?" या एका फोनला खर्च काहीच नाही, पण गिऱ्हाईक टिकतं.

या आठवड्याचं काम: एक वही घ्या. गाडी नंबर, तक्रार, काय तपासलं, काय सापडलं, किती घेतले, असे पाच रकाने आखा. ओळखीच्या गॅरेजमध्ये दोन सकाळी बसा आणि निदान तीन गाड्यांची नोंद करा. गॅरेजसाठी जागा त्यानंतर बघू.

भेटू पुढच्या धड्यात!