साखर टाळली, दात वाचले?

प्रश्न : मधुमेहामुळे वडील चहात साखरेऐवजी गोळी टाकतात, डाएट कोलाही पितात. आता त्यांचे दात किडणार नाहीत ना?

उत्तर : गोळीची चिंता नको. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि दात किडतात. सुक्रालोज किंवा स्टीव्हियापासून त्यांना ते जमत नाही. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९७०च्या दशकात साखरेऐवजी झायलिटॉल खाणाऱ्यांमध्ये नवी कीड खूपच कमी आढळली होती. पुढच्या अभ्यासांत मात्र पुरावा इतका ठाम निघाला नाही.

खरी काळजी कोलाची. त्यात साखर नसली तरी फॉस्फोरिक आम्ल असतं. पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि कोलाचा पीएच ३च्या आसपास असतो. ही कीड नव्हे, झीज. पुढच्या दातांच्या कडा पातळ, काचेसारख्या दिसू लागतात. गार पाणी लागलं की कळ येते. तासभर घोट घोट पिणं सर्वांत वाईट. प्यायल्यावर चूळ भरावी, ब्रश मात्र अर्धा तास थांबून करावा.

‘शुगर-फ्री’ बिस्किटांतला मैदाही दातांना चिकटून कीड वाढवतो.

मधुमेहात हिरड्यांचे आजार बळावतात. त्यामुळे वडिलांना दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे जरूर न्या.