कर्जदाराची जबान : ग्रीस, चीन आणि युरोप

युरोपात मंदी आल्याची बातमी वाचली की आपल्या व्यापारी बांधवांचा पहिला सवाल ऑर्डरीचा असतो. माल उचलला जाईल का, पेमेंट कधी येईल? सवाल रास्त आहे. पण पैशाची तंगी फक्त खरेदी कमी करीत नाही. देशाने जगात कोणाविरुद्ध बोलायचे आणि कोठे गप्प बसायचे, हेही ती ठरवते. ग्रीसचे उदाहरण पाहू.

२००९ च्या अखेरीस ग्रीसच्या नव्या सरकारने जाहीर केले की सरकारी तिजोरीतील तूट आधी सांगितली होती त्याहून कितीतरी जास्त आहे. बाजारात एखाद्या पेढीचा असा हिशेब फुटला की काय होते, ते आपल्याला सांगायला नको. उधार देणाऱ्यांनी हात आखडले. मे २०१० मध्ये युरो वापरणारे देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी मिळून ११० अब्ज युरोचे कर्ज मंजूर केले. २०१२ आणि २०१५ मध्ये पुन्हा कर्ज द्यावे लागले. अटी कडक होत्या: पेन्शन कापा, कर वाढवा, सरकारी मालमत्ता विका.

या विक्रीत अथेन्सजवळचे पिरेयस बंदर आले. सुएझमार्गे युरोपात जाणाऱ्या मालाला ते फार सोयीचे. तेथील काही कंटेनर धक्के चीनच्या कॉस्को या सरकारी कंपनीकडे २००९ पासून ३५ वर्षांच्या करारावर होतेच. २०१६ मध्ये तिने बंदर चालवणाऱ्या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा २८ कोटी ५ लाख युरोला घेतला. २०२१ मध्ये तो ६७ टक्के झाला. गंमत अशी की विकायला लावले युरोपातल्याच सावकारांनी, आणि गिऱ्हाईक निघाला चीन.

युरोपीय संघाला परराष्ट्र प्रश्नावर बोलायचे तर सर्व सदस्य देशांची संमती लागते. एक जण अडला की काम अडले. जून २०१७ मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत चीनवर टीका करणारे संघाचे निवेदन ग्रीसने अडवले. त्याच वर्षी शिनजियांगमध्ये उइगर मुसलमानांना मोठ्या संख्येने छावण्यांत डांबणे सुरू झाले होते. बंदराच्या बदल्यात तोंड बंद, असा सरळ हिशेब मी मांडणार नाही. पण ज्याच्या पैशावर दुकान सावरले, त्याच्याविरुद्ध पंचांपुढे उभा राहणारा विरळाच. प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहची पनाह मागत, कर्जदाराला खोटे बोलण्याची आणि वायदा मोडण्याची पाळी येते, हे त्याचे कारण हदीसमध्ये आले आहे. हे माणसाबद्दल आहे. मला ते सरकारांनाही लागू दिसते.

ग्रीसचा कर्जकार्यक्रम ऑगस्ट २०१८ मध्ये संपला. मार्च २०२१ मध्ये युरोपीय संघाने शिनजियांगच्या प्रश्नावर चार चिनी अधिकारी आणि एका संस्थेवर निर्बंध लादले. १९८९ नंतर चीनवर असे निर्बंध प्रथमच लागले, आणि त्याला ग्रीसचीही संमती होती. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून परदेशी गुंतवणूक तपासण्याची एक सामाईक पद्धत संघात लागू झाली. पिरेयससारख्या सौद्यांनी ही जाग आणली.

तरी दुखणे मुळातून गेलेले नाही. २०२५ मध्ये संघाने शस्त्रसामग्रीसाठी सदस्य देशांना १५० अब्ज युरोपर्यंत कर्ज देण्याची योजना मंजूर केली. कर्ज वाढते आहे. उद्या एखादा देश पुन्हा अडचणीत आला तर तोही बंदर, वीज कंपनी, जे असेल ते विकायला काढील, आणि घेणाऱ्याच्या मर्जीचा विचार त्याच्या मतात उतरेल.

कापडवाल्यांनी यातली एक गोष्ट नीट पाहावी. चीनच्या कापसाचा फार मोठा हिस्सा शिनजियांगमध्ये पिकतो. सक्तीच्या मजुरीतून बनलेल्या मालाला बंदी घालणारा कायदा युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला असून तो डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. माल कोणत्याही देशातून आला तरी हा कायदा लागतो. तेव्हा युरोपला जाणारी चादर किंवा टॉवेल आपल्या मागावर विणलेला असला, तरी सूत कोणत्या गिरणीचे आणि कापूस कोठला, हे गिऱ्हाईक विचारणारच. सुताची बिले आतापासून लॉटप्रमाणे वेगळी लावून ठेवावीत, आणि दलालाकडून घेतलेल्या सुतावर गिरणीचे नाव लिहून घ्यावे.