लंडनडेरी चालीचें मूळ

आपल्या गीतांच्या पुस्तकांत पुष्कळ गीतांवर ‘चाल’ म्हणून एक ओळ छापलेली असते. गीत कोणीं रचिलें हें आपण विचारतों. चाल कोठून आली हें सहसा कोणी विचारीत नाहीं. ह्या वेळीं आम्ही वाचकांपुढें एका आयरिश चालीची हकीकत ठेवीत आहों. हिचें मूळ शोधतां शोधतां एका बाईच्या खरेपणाविषयींच संशय उत्पन्न झाला होता, व तो फिटण्यास पुष्कळ वर्षें लागलीं.

आयर्लंदच्या उत्तरेस लंडनडेरी परगण्यांत लिमावडी नांवाचें गांव आहे. तेथें जेन रॉस (१८१०–१८७९) नांवाची बाई राहत असे. लोकांच्या तोंडच्या जुन्या चाली ऐकून त्या स्वरलिपींत उतरून घेण्याचा तिला छंद होता. असल्या कांहीं चाली तिनें जॉर्ज पेट्री ह्या विद्वान गृहस्थास दिल्या, व त्यांतील एक त्यानें आयर्लंदच्या प्राचीन संगीतावरील आपल्या १८५५ च्या ग्रंथांत छापली. चाल फार जुनी आहे असें त्यानें लिहिलें, पण तिचें नांव त्याला मिळालें नव्हतें. ती कोणापासून ऐकली हेंही तेथें दिलेलें नाहीं. गांवची परंपरा अशी कीं, फिडल वाजवून पोट भरणारा जिमी मॅककरी नांवाचा एक आंधळा मनुष्य होता, त्याच्यापासून जेनबाईनें ती घेतली. नांव नसल्यामुळें लोक तिला परगण्याच्याच नांवानें ‘लंडनडेरीची चाल’ म्हणूं लागले. पुढें फ्रेडरिक वेदर्ली ह्या इंग्रज वकिलानें आपलें ‘डॅनी बॉय’ हें गाणें १९१३ सालीं ह्या चालीवर प्रसिद्ध केलें, आणि ती सर्व जगांत पसरली.

चालीची कीर्ति वाढली तशी शंकाही वाढली. दुसऱ्या संग्राहकांस ती चाल कोणाच्याही तोंडून ऐकूं येईना. शिवाय तिची घडणही चमत्कारिक. आयरिश गाण्यांच्या नेहमींच्या वृत्तांतील ओळी तिच्यावर नीट बसत ना. तेव्हां कांहीं जाणते म्हणूं लागले कीं, ही चाल लोकांची नव्हेच; जेन रॉसनें ती स्वतः रचून जुनी म्हणून पुढें केली असावी. बाई तर कधींच वारली होती. तिला विचारावें कोणीं? नियमशास्त्रांत एकाच साक्षीवरून दोष ठरवूं नये असें आहे; येथें तर एकही साक्षी नव्हता, केवळ दुसरा पुरावा सांपडत नाहीं एवढ्यावरच लोक तर्क करीत होते.

१९३४ सालीं ॲन गिलख्रिस्ट नांवाच्या विदुषीनें निराळी वाट धरिली. तिचें म्हणणें असें कीं, दोष बाईच्या सचोटींत नसून मात्रांच्या मोजणींत आहे. भजनांत केरवा व दादरा ह्यांतला फरक ज्यांच्या हाताला ठाऊक आहे, त्यांस हें लगेच समजेल. मूळ चाल तीन तीन मात्रांची असावी. परंतु जुन्या पद्धतीचा गवई किंवा वाजविणारा मोठ्या स्वरावर मनमोकळा रेंगाळतो, ठेक्याची पर्वा करीत नाहीं. ऐकणाऱ्या बाईस त्यामुळें चार मात्रांचा भास झाला, व तिनें तसेंच लिहून घेतलें. गिलख्रिस्टबाईनें ते लांबविलेले स्वर आंखडून चाल पुन्हां तीन मात्रांत बसविली, तों ती इतर आयरिश चालींसारखी सरळ दिसूं लागली. आमच्या मतें ह्या सर्व शोधांत हीच पायरी मोलाची आहे, कारण तिनें कोणावर आरोप न करितां आधीं लिहिलेलें तपासलें.

तरी हें अनुमानच होतें. पुढें १९७४ सालीं ह्यू शील्ड्स ह्यांनीं दाखविलें कीं, दुरुस्त केलेल्या ह्या चालीशीं पुष्कळ जुळणारी एक चाल फार पूर्वींच छापलेली आहे. ‘तरुणाचें स्वप्न’ अशा अर्थाचें तिचें आयरिश नांव असून ती एडवर्ड बंटिंगच्या १७९६ च्या संग्रहांत आहे.

ह्या बंटिंगची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. १७९२ च्या जुलैंत बेलफास्ट शहरीं हार्प वाजविणाऱ्यांचा मेळावा भरला. जुनी विद्या बुडत चालली म्हणून तिचे उरलेसुरले जाणकार एकत्र आणावे हा हेतु. दहा आयरिश वादक आले. त्यांपैकीं सहा आंधळे होते. त्यांच्या चाली टिपून घेण्यास बंटिंगला नेमिलें. तो एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक होता. वादकांत सर्वांत वृद्ध डेनिस हेंप्सन. देवीच्या रोगानें बाळपणींच त्याचे डोळे गेले होते, वय तेव्हां ९७ सांगत, आणि वाढविलेल्या नखांनीं तारा छेडण्याची प्राचीन रीत त्या सर्वांत त्याला एकट्यालाच येत होती. ‘तरुणाचें स्वप्न’ बंटिंगला मिळालें तें ह्याच्यापासून. ह्या म्हाताऱ्याचें घर मॅगिलिगन येथें, म्हणजे लिमावडीच्या जवळच होतें.

हेंप्सन १८०७ सालीं वारला. जेन रॉसचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनीं. तेव्हां तिनें त्याला ऐकलें नाहीं हें उघड आहे. चाल मधल्या काळांत त्या मुलखांतल्या लोकांच्या हातीं राहिली व बदलत गेली. कशी बदलली हें ब्रायन ऑड्ली ह्यांनीं २००० सालीं सविस्तर मांडिलें. चालीचा जो उंच चढणारा भाग ऐकून मन भरून येतें, तो आधीं ध्रुपदाचा भाग होता, आणि कालांतरानें तो मूळ चालींतच मिसळून गेला, असें त्यांनीं दाखविलें. आपल्याकडेही म्हणतां म्हणतां ध्रुपद कडव्यांत शिरतें, हें गांवोगांवच्या भजनी मंडळ्यांस सांगावयास नको.

बेलफास्टांत जन्मलेले बाप्तिस्त उपदेशक फुलर्टन ह्यांनीं तारणाऱ्याविषयीं रचिलेलें एक गीत ह्याच चालीवर मंडळ्यांत म्हणतात. गीतांच्या इंग्रजी पुस्तकांत चालीचें नांव परगण्याचेंच छापतात, आणि मात्रा जेन रॉसनें ऐकल्या तशाच, चार.